येरवड्यातील एका वर्षाची किंमत

लोकमान्य टिळकांच्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ती ऐकताना आता कोणी कान टवकारीत नाही. १८७२ च्या अखेरीस मॅट्रिक होऊन बळवंतराव डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा प्रकृतीने ते अगदीच किरकोळ होते. या शरीराच्या भरवशावर पुढचे आयुष्य निभावणार नाही, असे मनाशी ठरवून त्यांनी कॉलेजातील पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे व्यायामाला दिले. तालीम, कुस्ती, नदीत तासन्‌तास पोहणे, नौका वल्हविणे यांत दिवस गेले. वर्षअखेरीस शरीर कमावले गेले आणि परीक्षा गमावली गेली. पुढे त्याच विद्यार्थ्याने गणित हा विषय घेऊन बी.ए.ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली, १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि मग जे घडले तो देशाचा इतिहास आहे.

शाळांच्या बक्षीस समारंभात आणि व्यायामशाळांच्या वार्षिक उत्सवात ही कथा हमखास ऐकू येते, आणि तिचे तात्पर्यही ठरलेले असते : मुलांनो, बुद्धीबरोबर शरीरही कमवा. या तात्पर्याशी भांडण्याचे कारण नाही. परंतु ते सांगण्याच्या घाईत कथेतला एक तपशील नेहमी दुर्लक्षित राहतो. वक्ता ‘परीक्षा गमावली’ या शब्दांवरून भरकन पुढे निघून जातो. जणू ती एखादी किरकोळ अडचण होती. वस्तुतः कथेचे मर्म तेथेच आहे. टिळकांनी शरीर फुकट कमावले नाही. त्यांनी ते एक वर्ष देऊन विकत घेतले. आणि वर्ष दिले म्हणजे त्या वर्षाचा खर्च कोणीतरी सोसला. तो कोणी सोसला, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला तरी टाळता येत नाही.

त्या काळचे येरवडे कसे असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेची परंपरा सांगणारे हे कॉलेज १८६८ मध्ये नदीपलीकडच्या टेकाडावर, सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीत आले. त्यापूर्वी १८५० च्या सुमारास त्याच जमशेटजींच्या साहाय्याने नदीवर बंधारा झाला होता आणि त्यामुळे अडलेल्या संथ पाण्यात नावा चालत. शहर दूर होते. रस्त्यावर वर्दळ नव्हती. मुले कॉलेजातच राहात. अशा ठिकाणी एखाद्या तरुणाने सकाळ तालमीत आणि संध्याकाळ पाण्यात घालवावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. कॉलेजपासून फारशा अंतरावर नाही अशा जागी १८७१ मध्ये आणखी एक मोठी दगडी वास्तू उभी राहिली होती. ती म्हणजे येरवड्याचा तुरुंग. टिळक विद्यार्थी होते तेव्हा त्याच्या भिंती नव्या कोऱ्या होत्या. त्या भिंतींच्या आतून त्यांची ओळख व्हावयास आणखी चोवीस-पंचवीस वर्षे जावयाची होती.

आता खर्चाचा हिशोब. टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षणखात्यात अधिकारी होते. गणिताचा व्यासंग आणि पुस्तके लिहिण्याची हौस असलेले गृहस्थ. १८७२ च्या ऑगस्टमध्ये, मुलगा मॅट्रिक होण्याच्या आधीच ते वारले. आई त्यापूर्वीच गेली होती. सोळा वर्षांचा, लग्न झालेला, पोरका मुलगा. परंतु कंगाल नव्हे. काकांचे छत्र होते, वडिलांनी मागे ठेवलेले थोडेफार होते. ‘यंदा परीक्षेला बसलो नाही तर घरात चूल पेटणार नाही’, अशी परिस्थिती नव्हती. एक वर्ष हातचे गेले तर ते भरून काढण्याइतकी ऐपत त्या घराला होती. टिळकांचा निर्धार असामान्य होता यात शंकाच नाही. पण त्या निर्धाराला जमिनीचा आधार होता, हेही खरे.

१९६५ मध्ये गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वेळेच्या वाटणीविषयी एक निबंध लिहिला. त्याचे सार असे की, माणूस बाजारात पैसे खर्च करतो तसाच घरात आणि मैदानात वेळ खर्च करतो, आणि वेळेची किंमत त्याच वेळात जे कमावता आले असते त्यावरून ठरते. आमच्या पाठ्यपुस्तकांत यालाच वैकल्पिक खर्च म्हणतात. फुकट मैदानावर, फाटक्या बुटांनी खेळलेला फुटबॉलही फुकट नसतो. तेवढ्या वेळात बुडालेली मजुरी ही त्याची किंमत असते. ज्याला मजुरी करावयाची नसते त्याला खेळ स्वस्त पडतो. ज्याच्या कमाईकडे घर डोळे लावून बसलेले असते त्याला तोच खेळ, तेच मैदान, तोच चेंडू परवडत नाही. बेकर यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे तत्त्व आपल्याकडच्या कोणत्याही मोलकरणीला न शिकविता ठाऊक असते.

हे तत्त्व पडताळून पाहावयास दूर जावयास नको. त्याच डेक्कन कॉलेजात टिळकांच्या बरोबरीचा दुसरा एक विद्यार्थी होता. बरोबरीचा म्हणजे अक्षरशः. गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, टिळकांचा २३ जुलै १८५६ चा. दोघांत नऊ दिवसांचे अंतर. पण टिळक मॅट्रिक झाले १८७२ मध्ये आणि आगरकर १८७५ मध्ये. ही तीन वर्षे कोठे गेली? ती कऱ्हाडच्या कचेरीतील उमेदवारीत, दवाखान्यातील औषधे देण्याच्या कामात, शिक्षणासाठी या गावाहून त्या गावी केलेल्या पायपिटीत गेली. तल्लख बुद्धीच्या त्या मुलाची तीन वर्षे दारिद्र्याने परस्पर वळती करून घेतली होती. कॉलेजात आल्यावरही वृत्तपत्रांत लिहून, निबंधांची व वक्तृत्वाची बक्षिसे मिळवून, एका सदऱ्यावर दिवस काढून त्यांनी शिक्षण पुरे केले. अशा विद्यार्थ्याने एक संपूर्ण वर्ष आखाड्यासाठी राखून ठेवावे, ही कल्पनाच हास्यास्पद ठरते. त्याच्याजवळ देण्यासाठी वर्ष शिल्लकच नव्हते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे दोन चरित्रे शेजारी ठेवली की लगेच निष्कर्ष काढण्याची घाई होते. आगरकरांना दम्याचा विकार होता आणि १८९५ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच ते गेले. टिळक चौसष्टाव्या वर्षापर्यंत जगले. यावरून ‘आखाड्यात गेला तो तरला आणि न गेला तो बुडाला’ असे म्हणणे म्हणजे शास्त्राची थट्टा होय. दोन माणसांवरून नियम सिद्ध होत नाही, आणि दमा जोर-बैठकांना भीत नाही. येथे मुद्दा आयुष्याच्या लांबीचा नाही. एकाच कॉलेजातील, एकाच वयाच्या, सारख्याच बुद्धीच्या दोन तरुणांपैकी निवड करण्याची मुभा एकालाच होती, एवढाच मुद्दा आहे.

टिळकांनी गुंतविलेल्या त्या वर्षाचा परतावा मात्र प्रचंड मिळाला, आणि तोही कोणत्या ठिकाणी! कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले, ती तालीम म्हणावयाची. खरी परीक्षा १८९७ मध्ये झाली. राजद्रोहाच्या आरोपावरून दीड वर्षाची शिक्षा झाली. डोंगरी, भायखळा आणि मग येरवडा असा तुरुंगांचा प्रवास झाला. तुरुंगातले अन्न आणि काम यांमुळे टिळकांचे वजन झपाट्याने उतरले. मॅक्स म्युलर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी विनंतीअर्ज केला, त्यांनी पाठविलेली ऋग्वेदाची प्रत तुरुंगात वापरण्याची परवानगी मिळाली, आणि १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्यांच्या उत्तरध्रुवनिवासाविषयीच्या ग्रंथाची बैठक त्या कोठडीत तयार झाली. तो सिद्धान्त आज विद्वानांना मान्य नाही, हा भाग निराळा. ६ सप्टेंबर १८९८ रोजी ते सुटले. ज्या परिसरात सतराव्या वर्षी नाव वल्हविली त्याच परिसरात एक्केचाळिसाव्या वर्षी दगडी भिंतीआड ऋग्वेद वाचणारा हा माणूस, त्याच एका गमावलेल्या वर्षाचे व्याज खात होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय? थोडी होईल; पण फार नव्हे. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस गेले तेव्हा वय बावन्न होते, मधुमेह जडलेला होता, पत्नीच्या निधनाची बातमीही तेथेच कळली. तरीही १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्या’चा खर्डा हातावेगळा झाला आणि १९१४ मध्ये ते परत येऊन पुन्हा कामाला लागले.

लढणारा खेळाडू आणि गणिती

या वर्षाची किंमत कोणी मोजावयाची, या प्रश्नाला अमेरिकेने आपल्या पद्धतीने एक उत्तर शोधले आहे. ते जसेच्या तसे उचलावे असे नाही. पण पाहावे असे निश्चित आहे. तेथील विद्यापीठे खेळाडूची फी भरतात, राहण्या-जेवण्याची सोय करतात आणि मोबदल्यात त्याच्याकडून खेळ घेतात. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा आखाडा म्हणजे तेथला फुटबॉल. हा आपला पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावावयाचे आणि समोरच्यांनी त्याला आडवे पाडावयाचे, असा तो धसमुसळा खेळ आहे. त्यात ‘लाइनमन’ नावाची एक जात असते. रांगेत वाकून उभे राहावयाचे, इशारा होताच समोरच्या अडीच-तीन मणांच्या गड्यावर धडक मारावयाची आणि आपल्यामागे चेंडू घेऊन उभा असलेल्या सहकाऱ्याला दोन क्षण मोकळे मिळवून द्यावयाचे, हे आक्रमणाच्या रांगेतील लाइनमनचे काम. सबंध सामन्यात बहुधा त्याचा हात चेंडूला लागत नाही. गुण त्याच्या नावावर लागत नाहीत. आपल्या कबड्डीत साखळी धरणारा कोपऱ्यातला गडी असतो ना, त्याच्या जातीचा हा खेळाडू.

जॉन अर्शेल हे अशा लाइनमनपैकी एक. पेन स्टेट विद्यापीठाच्या संघातून खेळत असताना त्यांनी गणितातील पदवी व पदव्युत्तर शिक्षण सर्वोच्च गुणश्रेणीने पुरे केले, एका वर्गाला गणित शिकविले, आणि सूर्य, गुरू व लघुग्रह यांच्या परस्पर गतीतील अस्थिरतेवर खगोलीय यामिकीचा शोधनिबंध लिहिला. केरूनाना छत्र्यांसारख्या ज्योतिर्गणितज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या डेक्कन कॉलेजच्या त्या जुन्या विद्यार्थ्याला हा विषय आवडला असता. त्यानेही १८९३ मध्ये नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ ठरविण्याचा ग्रंथ लिहिला होता. विद्या आणि खेळ या दोहोंत श्रेष्ठ ठरलेल्या महाविद्यालयीन फुटबॉलपटूला तेथे एक मानाचा करंडक मिळतो. तो २०१३ मध्ये अर्शेल यांना मिळाला. २०१४ मध्ये ते बाल्टिमोरच्या व्यावसायिक संघात गेले. २०१५ मध्ये डोक्याला जबर धक्का बसला, आणि काही काळ उच्च गणित डोक्यात शिरेना, असे त्यांनीच सांगितले आहे. २०१७ च्या जुलैमध्ये, फुटबॉलपटूंच्या मेंदूला होणाऱ्या इजेविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर दोनच दिवसांत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी खेळ सोडला. २०२१ मध्ये एम.आय.टी.तून गणितातील डॉक्टरेट मिळविली आणि आता ते तेथेच अध्यापन करतात.

त्यांच्या आधीच्या पिढीतील ॲलन पेज हे बचावाच्या रांगेतील लाइनमन. १९७१ मध्ये व्यावसायिक लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यांना मिळाला. रांगेतल्या बचावपटूला असा मान मिळणे ही दुर्मीळ घटना होय. मिनेसोटाच्या संघाकडून खेळत असतानाच त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, १९७८ मध्ये पदवी घेतली आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून काम केले. त्या न्यायासनावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

अर्थात ही उजळ बाजू झाली. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल हा अब्जावधी डॉलरांचा धंदा आहे, आणि दीर्घ काळपर्यंत त्यातील खेळाडूला शिक्षणखर्चाव्यतिरिक्त मोबदला घेण्यास बंदी होती. प्रशिक्षक कोट्यधीश व्हावा आणि धडका घेणाऱ्याने शौकिया बाण्याचे व्रत पाळावे, असा हा न्याय. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरविल्या. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर कमाई करण्याची मोकळीक मिळाली. आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंत थेट वाटू लागली. मैदानावर घालविलेल्या वेळेला किंमत असते, ही गोष्ट मान्य करावयास जगातील सर्वांत धनाढ्य क्रीडाव्यवस्थेलाही न्यायालयाची पायरी चढावी लागली.

देवधरांची नोकरी, खर्डेकरांचे घर

महाराष्ट्रात प्राध्यापक दि. ब. देवधरांचे उदाहरण या संदर्भात सर्वांच्या ओठावर असते, आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थाने १९२६ मध्ये गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. महाराष्ट्राचे कर्णधार म्हणून १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक पुण्यास आणला. पन्नाशीला टेकले असताना मुंबईविरुद्ध २४६ धावांची खेळी केली. त्या सामन्यात मुंबईने ६५० धावा काढल्या आणि महाराष्ट्राने ६७५. १९४४ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकाविली. १८९२ मध्ये जन्मलेले देवधर १९९३ मध्ये, शंभरी ओलांडून निवर्तले. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली होती. अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

या साऱ्याचे कौतुक करताना आपण एक साधी गोष्ट ध्यानात घेत नाही. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. देवधरांच्या क्रिकेटचा खर्च संस्कृतने चालविला. महिन्याच्या महिन्याला येणारा प्राध्यापकाचा पगार, दीर्घ सुट्या आणि संध्याकाळी मोकळे सोडणारे वेळापत्रक, या तीन गोष्टी त्या २४६ धावांच्या पाठीशी होत्या. विद्वत्ता आणि खेळ यांचा संगम असे आपण म्हणतो; त्या संगमाला पाणी नोकरीच्या पाटातून येत होते.

खाशाबा जाधवांना असा पाट नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील या विद्यार्थ्याला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैशांची जुळवाजुळव करावी लागली. लोकवर्गणी झाली, आणि त्या महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खर्डेकरांचे औदार्य वंदनीय आहे. परंतु ज्या देशात पदकासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते त्या देशाच्या व्यवस्थेविषयी त्यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही. आपण मात्र ही हकीकतही बक्षीस समारंभात अभिमानानेच सांगतो.

संध्याकाळचे दोन तास

आता पुन्हा येरवड्याकडे. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये सरकारने बंद केले. १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि पुरातत्त्व, भाषाशास्त्र व संस्कृत कोश यांसाठी जगाला ठाऊक झाले. तुरुंग जागच्या जागी आहे. गोल्फचे हिरवेगार मैदानही आहे. मधल्या जागेत, लक्ष्मीनगरपासून नागपूर चाळीपर्यंत, दाट वस्ती आहे, आणि त्या वस्तीतली मुले पुण्याच्या निरनिराळ्या महाविद्यालयांत शिकतात. माझ्या वर्गातही ती असतात.

त्यांतला एक मुलगा काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात मधल्या बचावफळीत खेळत असे. गोल करणारा नव्हे. गोल होऊ न देणारा. अशा खेळाडूचे नाव सामना हरल्यावरच निघते. अर्थशास्त्रात त्याची समज चांगली होती. मागणीची लवचीकता त्याने वर्गात रिक्षाच्या भाड्याच्या उदाहरणाने अशी समजावून सांगितली की, मी ते उदाहरण तेव्हापासून वापरतो. दुसऱ्या वर्षी तो संघातून बाहेर पडला. कारण विचारले तेव्हा त्याने काहीही तक्रार न करता हिशोब मांडला. सराव संध्याकाळी सहा ते आठ. तो मोटारसायकलवरून खाण्याची पार्सले पोचविण्याचे काम करीत होता, आणि पार्सलांना सर्वांत जास्त मागणी, म्हणून सर्वांत जास्त कमाई, संध्याकाळीच सुरू होत असे. आई दोन घरचा स्वयंपाक करीत होती, धाकटी बहीण अकरावीत होती. ‘सर, तुम्हीच शिकवलंत ना, वैकल्पिक खर्च,’ असे म्हणून तो हसला. तो पुढे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि आज एका खाजगी कार्यालयात नोकरी करतो. त्याचे काही वाईट झाले, असे मुळीच नाही. फुटबॉल तेवढा सुटला.

या मुलासाठी शासनाच्या दप्तरात काय आहे? पाहू लागले तर पुष्कळ आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत २००५ पासून खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ कार्यक्रमात निवडलेल्या खेळाडूला आठ वर्षे, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. परंतु या सर्व सवलतींचे दार एका विशिष्ट उंचीवर आहे. राज्य पातळी, राष्ट्रीय पातळी, पदक, क्रमांक यांची प्रमाणपत्रे असतील तर ते उघडते. म्हणजे जो आधीच चढून गेला आहे त्याला शिडी मिळते. शिवाय ही बक्षिसे मागाहून मिळतात आणि खर्च मात्र आज संध्याकाळी सहा वाजता करावा लागतो. महाविद्यालयाच्या संघातील बचावपटू, ज्याच्या नावावर गोल नाही आणि ज्याचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत बाद होतो, त्याच्याकडे दाखवावयास प्रमाणपत्र काय असणार?

नव्या शैक्षणिक धोरणाने एक गोष्ट चांगली केली आहे. त्यात क्रीडेला श्रेयांक आहेत, आणि शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा आहे. मिळविलेले श्रेयांक बुडत नाहीत. कागदावर पाहिले तर टिळकांचे ते वर्ष आता नियमात बसते. आजचा विद्यार्थी म्हणू शकतो की, एक वर्ष मी मैदानावर घालवीन आणि मग परत येईन. पण श्रेयांकाच्या पेढीत श्रेयांक जमा होतात, रुपये नव्हेत. मध्येच बाहेर पडण्याची सोय ज्याला आखाड्यात जावयाचे आहे त्याच्यासाठी ठेवलेली असली, तरी तिचा वापर ज्याला कामावर जावयाचे आहे तोच अधिक करील, अशी भीती वाटते. आगरकरांची तीन वर्षे ज्या मार्गाने गेली त्याच मार्गावर आता अधिकृत पाटी लागली आहे, एवढाच फरक पडावयाचा.

यावर एक उपाय सुचवावासा वाटतो. तो नवा नाही. मराठी मातीतलाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजविले आणि १९४७ मध्ये साताऱ्याला त्याच तत्त्वावर महाविद्यालय उभे केले. त्यांच्याच नावाने पुणे विद्यापीठात ही योजना चालते. गरजू विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम करतो आणि तासाप्रमाणे पैसे मिळवितो. या योजनेत खेळाच्या सरावाचे तास कामाचे तास म्हणून का धरू नयेत? ग्रंथालयात पुस्तकांवर चिकट्या लावणारा विद्यार्थी जशी महाविद्यालयाची सेवा करतो, तशीच महाविद्यालयाचा गणवेश घालून बचावफळीत उभा राहणारा विद्यार्थीही करतो. अट एकच असावी, गरजेची, पदकाची नव्हे.

खेळाला मजुरीचे रूप येईल, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो घेणारे बहुधा असे असतील की ज्यांनी तरुणपणी पार्सले पोचविली नाहीत. तरीही आक्षेप सर्वस्वी पोकळ नाही. अमेरिकेत पैसा आल्यावर महाविद्यालयीन खेळाचा चेहरा कसा बदलला, हे आपल्यासमोर आहे. पण त्यांचा प्रश्न नफ्याच्या वाटणीचा आहे. आपल्याकडे महाविद्यालयाच्या फुटबॉल सामन्याला तिकीट लागत नाही आणि दोन्ही संघांच्या मित्रांखेरीज कोणी पाहावयासही येत नाही. तेव्हा नफ्याचा मोह आड येण्याची शक्यता तूर्त तरी कमी आहे.

हिशोब मोठा नाही. एका महाविद्यालयातील वीस गरजू खेळाडू धरा. रोज दोन तास आणि वर्षातले दोनशे दिवस. आठ हजार तास झाले. ताशी पन्नास रुपये गृहीत धरले तर चार लाख रुपये होतात. दर वाढविला तर त्या प्रमाणात वाढतील. पन्नास रुपयांत संध्याकाळच्या पार्सलांची कमाई भरून निघणार नाही, हे उघड आहे. पण घरी सांगण्यासाठी मुलाच्या हाती काहीतरी राहील, आणि आठवड्यातून तीन दिवस मैदानावर व उरलेले दिवस कामावर, अशी तडजोड करता येईल. आपल्या स्नेहसंमेलनाच्या मांडवाशी आणि ध्वनिक्षेपकांच्या बिलाशी हा आकडा प्रत्येक महाविद्यालयाने ताडून पाहावा. मैदानावरची हजेरी कोण घेणार, अशी एक शंका कार्यालयातून निघेल. ती क्रीडाशिक्षक आजही घेतातच. वहीत तासांचा एक रकाना तेवढा वाढवावा लागेल.